एलन पणजीची पांढरी चादर

१२ ऑक्टोबर १९८८

आईच्या परसात मी आणि माझी बहीण फिल चादरीची घडी घालायचो. दोन टोकं तिची, दोन माझी. जवळ आलो की ती मुद्दाम नाकाला नाक घासायची, आणि आई ओरडायची, "मातीत लोळवा आता!" पांढरी, काठाला जाळीकाम. आमच्या पणजीची, एलनची. फक्त नाताळच्या जेवणाला टेबलावर यायची.

आता फिल माझ्या पुढच्या खोलीत पडून आहे. छातीतला कॅन्सर हाडांत गेला. डॉक्टर नाताळचं नाव काढत नाहीत.

"ॲगी, ती एलन होती तरी कोण गं? शोध ना. लवकरच भेटायचंय तिला, बोलू काय?"

म्हणे बोलू काय! हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१९ ऑक्टोबर

प्रेस्टनच्या वाचनालयात जुन्या शिरगणतीत सापडली. एलन थ्रेलफॉल. नवरा गोदीवर हमाल. तिच्या कामाचा रकाना कोरा! कब्रस्तानात दगडसुद्धा नाही.

मामेभाऊ जेरार्ड म्हणाला, "लोकांच्या पायऱ्या घासत असेल. तुला काय सरदारीण हवी होती?"

२ नोव्हेंबर

चर्चमध्ये मृतांच्या स्मरणाची मिस्सा. बाहेर मिसेस गॉर्नल भेटल्या. नव्वदी उलटली, अजून एलनच्याच गल्लीत राहतात. सहज विचारलं.

"एलन? अगं पोरी, ती दारात आली की आम्हा पोरांना खेळायला पिटाळायचे. गल्लीतलं कुणीही गेलं तरी आंघोळ घालायला तीच. आमच्या धाकट्या जोलाही तिनेच घातली. बोलत बोलत— 'हात वर कर राजा, आता या कुशीवर.' जसा काही तो ऐकतच होता."

"मोबदला?"

"चहा. चादरही तिचीच. गरिबाघरी कुठली पांढरी चादर? दफनाला नेईपर्यंत माणूस तिच्यावर. मग उकळून, इस्त्री करून पुढच्या घरी. काठाला जाळी होती बघ."



३ नोव्हेंबर

सांगावं की नाही? सांगितलं. फिल हसता हसता कासावीस झाली. "म्हणजे इतकी वर्षं आपण बदक आणि पुडिंग—! आणि जेरार्डने तर ग्रेव्ही सांडली होती!"

मग म्हणाली, "मला तूच घाल आंघोळ. ती अंत्यविधीवाली काळ्या कोटातली माणसं नकोत."

जमायचं नाही मला. शाळेत नन आम्हाला शेमीज घालूनच टबात बसवायच्या. स्वतःचं अंग पाहणंही पाप. आई गेली तेव्हा तिची आंघोळ होईपर्यंत मी जिन्यात उभी राहिले होते. फिलला मी आजवर उघडी पाहिलेली नाही!

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२१ नोव्हेंबर

पाणीही उतरत नाही घशाखाली. विचारत नाही ती. नुसती माझ्या हातांकडे बघते.

२६ नोव्हेंबर

फिल गेली. पहाटे.

जेरार्डने अंत्यविधीवाल्यांना फोन लावला होता. मी म्हटलं, संध्याकाळी या म्हणावं. दार लावून घेतलं. पाणी तापवलं. आधी चेहरा, मग हात. छातीपाशी थबकले. तिथे काय उरलं होतं ते पाहवेना. डोळे मिटले, पण मिटून काम होईना. मग आपोआपच तोंडातून निघालं, "हात वर कर, फिल."

इतकी हलकी होती.

१४ मार्च १९८९

माझ्याही छातीत तेच. फिलपेक्षा पुढे गेलेलं, म्हणतात.

जेरार्डच्या बायकोला, मॉरीनला विचारलं, मला तू घालशील का आंघोळ. "काहीतरीच काय बोलता, ॲगीताई!" म्हणाली. पण उठली नाही. चहा गार होईपर्यंत बसून राहिली.

माझ्यामागे रेडिओ मिसेस गॉर्नलना. प्रार्थनापुस्तक जेरार्डला, उघडणार नाही तरी. फिलचा हिरवा कोट मॉरीनला. चादरही तिलाच. कसं करायचं ते दाखवीन तिला. अजून थोडा वेळ आहे.