हायो सुताराची नळी

लोपेरहम,
३ नोव्हेंबर १९८३

प्रिय ओक्को,

तू ऑर्गनवर बसलास की पहिल्या सुराआधी भाता एक लांब सुस्कारा टाकायचा, भरतीआधी खाडी टाकते तसा. आज सकाळपासून तोच कानात आहे. खुशाली विचारायचा हक्क मी चौतीस वर्षांपूर्वीच गमावला, तरी विचारतो. गुडघे कसे आहेत? वहिनींना नमस्कार. इथे वारा फार. सफरचंदं सगळी गळाली.

आपल्या चर्चचा नळ्यांचा ऑर्गन कोणी बांधला ते तपासायला शहरातून फोल्कर्ट्स बाई आल्यात. रविवारी पितळी पाटी बसायची आहे, ऑर्गनच्या इतिहासावरच्या माझ्या पुस्तिकेतलंच नाव कोरून: हॅम्बुर्गच्या त्या थोर कारागिराचं.

काल बाई माझ्याकडे चहाला होत्या.

"मास्तर, चौथ्या रांगेत एक नळीच नाही. तो सूर मुका आहे."

"उंदरांनी नेली असेल."

"शिशाची नळी? तुमच्या गावचे उंदीर पैलवान दिसतात!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कपात चमचा ठेवून, आपल्याकडच्या रीतीनं 'चहा पुरे' म्हणाल्या आणि उठल्या.

ओक्को, ती नळी माझ्या कपाटात आहे. कवितांच्या वह्यांमागे.

१९४९मध्ये ऑर्गनच्या सफाईत ती माझ्या हाती लागली. ऑर्गनच्या पेटीतल्या भोकात बसणाऱ्या टोकावर, कुणाला कधी दिसू नये अशा जागी, कोरलंय: 'हायो तामेन, सुतार, लोपेरहम. हे मी बांधलं.' तुझा खापरपणजोबा. तू जन्मभर सांगत होतास तेच. पण माझी पुस्तिका आठवड्यापूर्वीच छापून आली होती रे. मुलं शाळेत ती कवितेसारखी पाठ म्हणत होती.

मग गावच्या सभेत हायोचं नाव घेऊन तू उठलास. नळी तेव्हा माझ्या घरी होती, आणि तरी मीच म्हणालो, "सुतारानं खुर्च्या कराव्यात!" सगळं गाव हसलं. तू चर्चची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गाव सोडून गेलास. पुन्हा कधी वाजवलं नाहीस म्हणे.

नळी आत्ता माझ्यासमोर आहे. सकाळपासून दोनदा परत कपाटात ठेवली, दोनदा काढली. उद्या ती बाईंना देणार, असं इथे लिहून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

थांब, फाटकाशी गाडी थांबली. बाईच असतील.

नाही. काठी टेकत कुणी म्हातारा उतरतोय. टोपी काढली.

तू आहेस. बाईंनी नळीबद्दल तुलाही विचारलं असणार.

म्हणजे हे आता तोंडानं सांगावं लागणार. बेल वाजली. नळी झाकायला अजून वेळ आहे. झाकत नाही.

चोर, आणि कधीकाळी तुझा,
विआर्ड