खडकांवर रेशमी ड्रेस

सोमवार, १० मार्च

बोटीत उलटी झाली नाही! होणारच म्हणून भोंग्याने पैज लावली होती. हरली.

भोंगा म्हणजे माझी नणंद. शाळेत कवायत घेते, शिट्टीशिवाय अख्खं मैदान गप्प करते. कागदोपत्री आता ती माझी कोणी नाही — तिच्या भावाने मला सोडलं त्याला तीन वर्षं झाली. भाऊ गेला, ही राहिली. दर रविवारी माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बसते, काज-बटणं करते आणि माझं डोकं खाते.

एप्रिलमध्ये तो पुन्हा लग्न करतोय. 'एप्रिलमध्ये आहे म्हणे' एवढंच भोंगा बोलली आणि तिने विषय बदलला. त्यानंतर निळं रेशीम आणून माझ्या टेबलावर टाकलं — 'ड्रेस शिव. चांगला शिव.' कशासाठी ते विचारलं नाही, कळायचं ते कळलं. जीव ओतून शिवला. म्हटलं, त्या लग्नात माझं काम तरी उठून दिसू दे!

त्याच्या लग्नाचं मला काही नाही. खरंच नाही. पण नवी वहिनी आली की रविवार तिकडे जाणार. मला भीती आहे ती तेवढीच.

मंगळवार, ११ मार्च

दिवसभर झोपा काढल्या. बेटावर सहलीला येऊन! भोंगा घोरते.

बुधवार, १२ मार्च

सकाळी भोंगा आवरून बाहेर आली आणि मी कपाळाला हात लावला. निळा रेशमी ड्रेस! खडकांवर फिरायला!

'अगं, डोकं ठिकाणावर आहे का?'

'आज घालावासा वाटला.'

म्हणजे हा लग्नासाठी नव्हताच. लग्नातला गुपचूप दुसरीकडे शिवून घेतला असणार, मला वाईट वाटू नये म्हणून. तर त्याचंच वाईट वाटलं! शिलाईसुद्धा गेली हातची.

फोन तिने बंद करून खोलीतच ठेवला, माझाही ठेवायला लावला. 'आज कोणाचाच आवाज नको.' म्हणे! आणि टॅक्सीत बसल्यापासून स्वतःचं तोंड चालूच.

रस्ता संपला तिथे टॅक्सीवाल्याने उतरवलं. पुढे नुसते काळे खडक, कडा अशा की चप्पल कापली जाईल. पण सवड होती, हळूहळू गेलो. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात नखाएवढे निळे मासे. एक खेकडा आम्हाला बघून आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा, पुन्हा आत. भोंग्याने त्याचं नाव मुख्याध्यापक ठेवलं. एका खडकाला भोक आहे. खालून लाट शिरली की वरून फुस्स करून कारंजं उडतं. मी सांगत होते लांब राहा. ऐकेल तर शपथ! डोक्यापासून पायापर्यंत भिजली आणि अशी किंचाळली की पक्षी उडाले.

मध्येच तिने घड्याळ पाहिलं. मग ते काढून पिशवीत टाकलं.

झाडाखाली बसून पाव आणि केळी खाल्ली. टॅक्सीवाल्यालाही बोलावलं. तो म्हणाला, 'तुम्ही दोघी बहिणी का?'

'छे! ही माझी वहिनी.'

'मग भाऊ नाही आले?'

भोंगा शांतपणे म्हणाली, 'भाऊ हरवला. वहिनी हाताशी होती, ती ठेवून घेतली.'

टॅक्सीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. मग जरा रडले — गॉगल होता म्हणून निभावलं.

परत येताना ड्रेसचा घेर कपारीत अडकला आणि टर्रकन फाटला. सुई-दोरा माझ्या पर्समध्ये असतोच. तिला खडकावर उभी केली आणि खाली बसून टाके घातले. तोंडातून निघून गेलंच — 'लग्नातला दुसरा असला म्हणून हा असा वापरायचा?'

'दुसरा कुठला? हा एकच तर आहे.'

'अगं, मग तिथे काय घालशील?'

'बघू गं. आज घातलाय ना!' एवढंच म्हणाली आणि समुद्राकडे बघत राहिली. मी मात्र मनातून हलकी झाले. दुसरीकडे शिवला नाही तर! उगाच मेलं मन काहीबाही रचतं.

संध्याकाळपर्यंत पाण्यात पाय सोडून बसलो. रविवारचं विचारायचं होतं, पण विचारलं नाही. इतका चांगला दिवस कशाला नासवा? कित्येक वर्षांत इतकी खूश नव्हते.

गुरुवार, १३ मार्च

परतीच्या बोटीत भोंग्याला उलटी झाली. मला नाही! ड्रेस माझ्याकडे दिलाय — 'सवडीने नीट शिव.'

शनिवार, १५ मार्च

दुकानात चुलत जावेचा फोन. 'लग्न झकास झालं हो बुधवारी. सगळे आले, सख्खी बहीण तेवढी नाही! त्याने वाट बघून बघून फोन लावले, तर तिचा बंद. शोभतं का हे?'

'एप्रिलमध्ये होतं ना?'

'एप्रिल कुठला? पहिल्यापासून बाराच तारीख होती!'

फोन ठेवला. ड्रेस मांडीवर घेतला. घेरावर मिठाचे पांढरे डाग, आणि माझे खडकावरचे वेडेवाकडे टाके. डोळ्यांपुढे सुई दिसेना. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी रडले.

तेवढ्यात तिचाच फोन. 'वहिनी, झाला का ड्रेस?'

'घाई आहे का?' कसंबसं विचारलं.

'छे! मला कुठे जायचंय? उद्या येतेच आहे की.'