मांडवातला डेलिया

माय, आज अंगणातल्या डेलियाला या हंगामातलं पहिलं फूल आलं, आणि कामं तशीच टाकून मी कागद घेऊन तुझ्याशी बोलायला बसले.

मामा बुलढाण्याला साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. कार्तिकात तो अमडापूरला आला, तेव्हा फडक्यात डेलियाचे कंद बांधून घेऊन आला. तुझ्या थोरल्या जावेनं रताळी समजून त्यातला एक एकादशीला उकडला. पहिल्याच घासाला थुंकत ती म्हणाली, "हे काय रताळं व्हय? माती हाये नुसती!" तू पदर तोंडाला लावून हसलीस. बाबा गेल्यानंतर तुला तसं हसताना मी पाहिलंच नव्हतं. उरलेले कंद तू मागच्या अंगणात लावलेस. माघात माझं लग्न ठरलेलं. घरात दळणकांडण सुरू, आणि तू मात्र संध्याकाळी त्या रोपांना काड्यांचा आधार देत बसायचीस.

"लग्न तोंडावर आलं, अन् तू फुलं काऊन लावून राह्यली?" तुझ्या थोरल्या जावेनं विचारलं.

"मी त मांडवात येनार नाही," तू म्हणालीस. "माही फुलं येतीन."

विधवेनं मंगलकार्यात पुढं यायचं नाही, हे आपल्या घरात सांगावं लागत नसे.

माघात फुलं आली ती ताटलीएवढी, लालभडक, काही पांढऱ्या टोकांची. लग्नाच्या सकाळी तू ती मांडवाच्या खांबांना बांधायला दिलीस आणि चुलीपाशी जाऊन बसलीस. जानेफळचं वऱ्हाड आलं. माझी सासू मांडवात शिरली आणि खांबापाशीच थांबली. तिच्याही कपाळावर कुंकू नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

"एवढालं फूल! कोनं लावलं हे?"

"पोरीच्या मायनं," तुझी थोरली जाऊ म्हणाली. "ते अंदर हाये. तिले मांडवात येता येत नाही."

"मंग मले कसं येता आलं?" एवढं बोलून सासू सरळ आत गेली. अजून दिसतं मला: तुझ्या पिठाच्या हाताला धरून ती तुला बाहेर घेऊन येते आहे, तू "नाही हो इनबाई, लोक काय म्हनतीन" म्हणत मागं ओढते आहेस, आणि ती म्हणते आहे, "लोकाइले जेवाची घाई हाये. चाला तुम्ही." अंतरपाट दूर झाला तेव्हा मी नवऱ्याकडं आधी पाहिलंच नाही. तू माझ्या उजव्या हाताला उभी होतीस, मुठीत अक्षता घेऊन, आणि त्या टाकायच्या विसरून रडत होतीस.

त्या सासूच्या घरात माझा जन्म सुखात गेला, माय. आता नातवंडांपासून गड्यांपर्यंत सगळे मलाच माय म्हणतात. हे कागद कुठं धाडायचे नाहीत, आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं! खरं सांगू? आज सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. मले फक्त कोनाले तरी 'माय' म्हनाचं होतं.