माझं काम, माझ्याच तोंडून

३ मार्च

ठरत नाही! वेबसाईट, पीडीएफ, स्लाइड्स की व्हिडिओ? एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. नोकरी शोधायची तर पोर्टफोलिओ हवा, हे मान्य. पण कुठल्या रूपात?

आईनं विचारलं, "तुझं काम दाखवायचं म्हणजे दाखवायचं तरी काय रे?" मी म्हणालो, "ॲपमध्ये बटण कुठे हवं, त्यावर काय लिहिलं की माणूस गोंधळणार नाही, ते मी ठरवतो. ते." आई म्हणाली, "मग स्वतः कसला गोंधळतोयस?"

बरोबर आहे तिचं!

५ मार्च

चष्मिस येऊन गेला. जुन्या ऑफिसातला एवढा एकच मित्र टिकलाय. म्हणाला, "वेबसाईट कर. लिंक पाठव नि घरी बस. तुला बोलायला नको."

चांगल्या मनानंच म्हणाला. वाईट नाही वाटलं. थोडंसं वाटलं.

इथे लिहिताना मी कधी अडखळत नाही. तोंडानं मात्र — प, म, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझं स्वतःचं नाव! लहानपणापासून. शब्द घशात दगडासारखा बसतो, आणि समोरचा छताकडे बघायला लागतो. दोन वर्षं घरून कामं केली ती म्हणूनच. सगळं मेलवर.

८ मार्च

वहिनीनं तोडगा काढला. "भावजी, व्हिडिओ करा. आवाज मी देते." ती दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर बोलते, तिचं बोलणं म्हणजे लोणी. खिडकीला चादर लावून रेकॉर्डिंग केलं. वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू, मग थांबायचं. दादा उगाचच "शांतता!" म्हणून ओरडायचा, की परत पहिल्यापासून.

व्हिडिओ झाला सुरेख. कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही!

वहिनीनं शेवटी विचारलं, "ॲपचे स्क्रीन छानच दिसतात. पण काउंटरवर नाव न बोलता नोंदवायचं ॲप — हे तुम्हाला सुचलं कुठून? ते यात नाहीच."

तेव्हा सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना अंगात ताप घेऊन दवाखान्यात गेलो. काउंटरवर नाव विचारलं. येईना. मागे रांग. काउंटरवरचा म्हणाला, "स्वतःचं नाव पण आठवत नाही का?" सगळे हसले. मी तसाच घरी परत आलो, तापासकट.

वहिनीनं व्हिडिओ बंद केला. मग म्हणाली, "मग हे माझ्या आवाजात कसं चालेल, भावजी?"

११ मार्च

मागे एका कंपनीला नुसती पीडीएफ पाठवून ठेवली होती, तिचं उत्तर आलं! पुढच्या बुधवारी बोलावलंय. काम कुठल्याही रूपात आणा, पण समोर बसून सांगा.

स्लाइड्स करतोय. ठरलं. आवाज माझाच.

१४ मार्च

स्लाइडवर कमीत कमी शब्द ठेवतोय. नाहीतर लोक वाचत बसतील आणि मी सुटेन! सुटायचं नाही.

रोज संध्याकाळी तालीम. चष्मिस मुद्दाम खडूस साहेब होतो, जांभया देतो. आईची मात्र पंचाईत. मी अडकलो की माझा शब्द तीच पूर्ण करून टाकते, वर्षानुवर्षांची सवय. वहिनी म्हणाली, "आई, त्यांचं त्यांना बोलू द्या ना." आईनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डोळे भरलेले! मला हसूही येत होतं आणि भरूनही.

या घरानं मला कधी कमी लेखलं नाही. हे लिहून ठेवतो.

१९ मार्च

झालं!

समोर तिघं. पांढऱ्या आखूड केसांच्या बाई मुख्य असाव्यात. लॅपटॉपमध्ये व्हिडिओ होताच, पळवाट म्हणून. "तुमची ओळख?" आणि नावावर अडकलो. पार अडकलो. निळ्या शर्टातला तरुण घाईनं म्हणाला, "असू द्या, नाव आहे आमच्याकडे." बाई त्याला म्हणाल्या, "थांब. त्यांना सांगू दे."

थांबले. तिघंही. छताकडे कुणी बघितलं नाही.

सांगितलं नाव. पुढे त्या तापाची गोष्ट पण सांगितली, तुकड्यातुकड्यांनी. तिसऱ्या साहेबांनी विचारलं, "काउंटरवरच्या माणसाच्या स्क्रीनवर नाव दिसायला उशीर झाला तर?" कामाचा प्रश्न! माझ्या बोलण्याबद्दल अक्षर नाही. मग आमचा वादच रंगला, आणि मी अडखळत, हातवारे करत भांडलो चक्क! व्हिडिओची आठवणसुद्धा झाली नाही.

घरी आलो तर चौघं दारातच. "कसं झालं?" म्हटलं, "माहीत नाही. पण मी बोललो." नोकरी मिळो न मिळो — वहिनी, आई, दादा, तो जांभईवाला, त्या अनोळखी बाई, सगळ्यांचे उपकार. फेडायचे कसे कोण जाणे.

२५ मार्च

निवड झाली!! आईला बातमी मीच सांगितली. "मिळाली" मधल्या म वर अडकलो. ती हात तोंडावर न ठेवताही थांबली.

८ एप्रिल

नव्या ऑफिसात आज त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आणखी एका जागेसाठी मुलाखती आहेत. पॅनलसाठीच्या सूचना पुढे करून म्हणाल्या, "काम समोर बोलून दाखवायची अट काढून टाकू का? कुणाला जड जात असेल." मी सूचना खालपर्यंत वाचल्या. म्हणालो, "अट रा-राहू द्या. खाली 'प्रत्येकी वीस मिनिटं' आहे, तेवढं काढा." मग न राहवून विचारलं, मला किती लागली होती?

"मोजलीच नव्हती," म्हणाल्या, आणि ती ओळ खोडली.