प्राणवायू आणि करडीचं तेल

माय, या पावसाळ्यात दोन महिने मी नांदेडला मावशीकडे राहिले आणि रविवार सोडून रोज एका दवाखान्यात जाऊन पारदर्शक नळीत झोपून आले. नळी म्हणजे माणूस पाय लांब करून मावेल एवढी. वरून झाकण लागतं, आत प्राणवायू भरतात, त्याचा दाब वाढवतात आणि तासाभरानं बाहेर काढतात. हे ऐकून तू आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग मला जेवायला काय देत होते ते विचारलं असतंस. जेवण मावशीकडेच होतं. तुझी बहीण अजून तुझ्यासारखीच भाकरी थापते, फक्त आता बसून नाही, ओट्याशी उभी राहून.

नळीत जायची वेळ का आली ते सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी माझं अंग दुखायला लागलं. आधी खांदे, मग पाठ, मग पिंढऱ्या, आणि मग कुठं दुखतं यापेक्षा कुठं दुखत नाही ते सांगणं सोपं झालं. झोपून उठलं की रात्रभर कुणीतरी बडवून काढल्यासारखं वाटायचं. शाळेत फळ्यावर हात वर जाईना, म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायला लागले. पोरांना वाटलं, बाई आता पुढच्या बाकांसाठीच शिकवतात. लातुरात एकही तपासणी राहिली नाही. रक्त चांगलं, हाडं चांगली, फोटो चांगले. तुझे जावई प्रत्येक रिपोर्ट घेऊन घरी यायचे आणि आनंदानं मला सांगायचे की तुला काहीच झालेलं नाही. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, पण ते वाक्य ऐकलं की मला त्यांच्या अंगावर ताट फेकावंसं वाटायचं. शेवटी एका डॉक्टरनं दुखणं सगळं ऐकून घेतलं, अंग दाबून बघितलं आणि नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. जावई म्हणाले, हे तर गोळीचं नाव वाटतंय. मी मात्र दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. दुखण्याला नाव मिळालं म्हणून कुणी रडतं का? मी रडले.

रडताना मला तू आठवलीस. जळकोटचं घर, दिवेलागणीची वेळ, चुलीवर वरण शिजतंय आणि तू स्वयंपाकघरातच जमिनीवर पालथी पडली आहेस. मी तुझ्या पाठीवर उभी आहे. एका हातानं दाराची चौकट धरली आहे, आणि तू सांगतेस तशी टाच टेकवत कमरेपासून खांद्यापर्यंत चालत जाते. बाहेरून आजी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते की काम दिसलं की हिचं सोंग सुरू होतं. मला फक्त म्हणतेस, अजून थोडं, डाव्या अंगाला. मग कधी अशीही संध्याकाळ यायची की मी पाठीवर पाय ठेवला की तू कळवळायचीस आणि म्हणायचीस, आज नको, आज माशी बसलेली पण सहन व्हायची न्हाई. कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं बाहेरचं. तुलाही हेच होतं का, हे आता कोण सांगणार? मी डॉक्टर नाही. पण त्या घरात तुझं खरं मानणारी मी एकटी होते, कारण तुझी पाठ माझ्या पायांखाली होती आणि ती कुठं दचकते ते मला कळायचं.

आता खरी गोष्ट. माझ्या पोरीला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण, ते माहेरी म्हणजे माझ्याकडे. बातमी ऐकून मी साखर वाटली आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर एकच विचार आला, बाळाला न्हाऊ कोण घालणार? साडीच्या निऱ्या पायांवर पडल्या तरी मला जड व्हायच्या. त्या पायांवर बाळ कसं घेणार होते मी?

तुला ही काळजी कळेल, कारण सगळ्या गल्लीची बाळं तू न्हाऊ घातलीस. अंग दुखत असलं तरी कुणाच्या घरी बाळंतीण आली की तुला बोलावणं यायचं आणि तू जायचीस. मी मागे मागे यायचे. तू न्हाणीत पाटावर बसतेस, लुगडं गुडघ्याच्या वर खोचतेस, दोन्ही पाय लांब करून एकमेकांना चिकटवतेस आणि त्यांच्या पन्हाळीत बाळ पालथं घालतेस. आधी तेल, मग पीठ, मग पाणी. एकदा मी लाडात येऊन तांब्या उचलला आणि थेट बाळाच्या डोक्यावर धरला, तर तू माझं मनगट असं पकडलंस की वळ उठला. "टाळूवर वतायलीस व्हय गं? आदी आपल्या हातावर घ्यावं पाणी. आपल्याला सोसलं तर त्याला सोसंल." तेवढं एकदाच रागावलीस. माझ्या पोरीलाही तूच न्हाऊ घातलंस, आणि ती पाळण्यातून उतरली न उतरली तोच दुसऱ्याच आजारानं गेलीस. तिला पायांवर घेतलेलं असताना तुला दुखत होतं का गं? मी तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत शेक घेत पडून होते, विचारायचं सुचलं नाही.

नांदेडच्या त्या दवाखान्याबद्दल शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. तिथल्या डॉक्टरांना मी आधीच सांगितलं की मला दिवाळीनंतर नातवंडाला आंघोळ घालायची आहे, जमेल का तेवढं बोला. ते हसले नाहीत. म्हणाले, हे यंत्र मुळात न भरणाऱ्या जखमांसाठी आहे, तुमच्या आजारात काहींना उतार पडल्याचं दिसतं, काहींना नाही, आणि खात्री द्यावी एवढं अजून कुणालाच ठाऊक नाही. झोप, चालणं, व्यायाम हे तर करावंच लागेल. मला त्यांचा खरेपणा आवडला. जावई म्हणाले, नक्की नाही तर कशाला जायचं? मी म्हटलं, रिपोर्ट नक्की होते, त्यांनी काय झालं? मग ते स्वतः मला एसटीत बसवून द्यायला आले, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले.

नळीत जाताना अंगावर सोनंनाणं काही चालत नाही. मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या, जोडवी मात्र बोटांत रुतून बसलेली. साबण लावून लावून काढली. फोनवर जावयांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आता मी मोकळा का? दवाखान्याचे सुती कपडे घालून मी आत झोपले, झाकण लागलं, आणि कानात दडे बसायला लागले. यंत्र चालवणारी पोरगी हिमायतनगरकडची. बाहेरून माईकवर ती गोड बोलायची. "काकू, कान दुखून राहिले का? आवंढा गिळा, जांभई द्या. लईच दुखलं तर हात वर करा, मी दाब थांबवते." इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं की दुखलं तर हात वर कर, मी थांबते. मला आतच भरून आलं. तिला वाटलं कान दुखतायत, तिनं दाब थांबवला.

पहिल्या आठवड्यातच मी घोळ घातला. त्या पोरीनं आधीच बजावलं होतं, पावडर नको, क्रीम नको, अत्तर नको, तेल नको. मी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी उठली, करडीच्या तेलात लसूण आणि ओवा कडवला, मला पाटावर बसवलं आणि डोक्यापासून तळपायापर्यंत चोळलं. ती चोळत असताना मला क्षणभरही वाटलं नाही की ते "तेल नको"मधलं तेल हेच. पावडर-अत्तराच्या रांगेतलं तेल म्हणजे दुकानातलं, बाटलीतलं, नखऱ्याचं. हे तर औषध! मी आंघोळ करून, वेणी घालून गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि पोरीनं नाक वर केलं. "काकू, फोडणी घालून आलात का?" मग ती गंभीर झाली. आत नुसता प्राणवायू असतो, त्यात तेलकट अंग म्हणजे जिवाशी खेळ, एक ठिणगी पुरे, असं तिनं समजावलं आणि मला परत पाठवलं. माझी पाळी एका आजोबांना गेली.

मावशीला सांगितलं तर तिचा चेहराच पडला. "आगं, मंग मी तुझ्यासाठी करू काय?" एवढंच म्हणाली. तुम्हा दोघी बहिणींना तेलाशिवाय माया करायची ठाऊकच नाही. दोन दिवस ती माझ्याशी जरा अंतर ठेवूनच वागली, जशी काही मी तिचा हात झिडकारला होता. तिसऱ्या दिवशी रात्री माझ्या उशाशी येऊन बसली आणि कोरड्या हातानं नुसतं डोकं थोपटत राहिली. अवघडल्यासारखी, परक्याचं लेकरू घेतल्यासारखी. मी डोळे मिटून पडून राहिले. माय, मला तो कोरडा हात फार आवडला. तिला सांगितलं असतं तर ती लाजून उठून गेली असती.

माझी पाळी ज्यांना गेली ते आजोबा मुखेडकडचे. साखरेमुळे पायाला जखम झालेली, महिनोन् महिने भरेना. बाकावर शेजारी बसलो की ते पाय पुढे करून जखम किती भरत आली ते दाखवायचे, शेतातलं पीक दाखवावं तसं. एक दिवस विचारलं, "तुमची जखम कुठं हाय, बाई?" मी म्हटलं, दिसत नाही, सगळ्या अंगातच आहे. ते विचारात पडले. मला वाटलं आता म्हणतील, मग काय झालंय तुम्हाला. पण म्हणाले, "मंग तर लई अवघड हाय तुमचं. माझी बघून लोक एसटीत उठून जागा देतेत." पुढे मी आले की ते काठीचा आधार घेऊन बाकावर सरकायचे आणि मला भिंतीकडची, पाठ टेकायची जागा द्यायचे. जखमेवाला माणूस बिनजखमेच्या बाईला जागा देतोय हे बघून ती पोरगी हसायची.

गुण आला का, हे सगळे विचारतात. झोप लागायला लागली. तीन-चार वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठल्यावर मला काल काय स्वप्न पडलं ते आठवलं. डोक्यातला धूसरपणा कमी झाला, पोरांची नावं पुन्हा झटकन ओठांवर येतात. फळ्याच्या वरच्या भागात तारीख लिहिता आली, तेव्हा पोरांनी काही म्हटलं नाही, मीच मागे सरून बघत राहिले. पण दुखणं गेलं असं नाही. थोडं मागे सरलंय. ते प्राणवायूनं सरलं, की दोन महिने भांडीधुणी न करता मावशीच्या हातचं खाल्लं म्हणून, की रोज एक तास कुणी हाक मारणार नाही अशा जागी पडून राहिले म्हणून, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दिवाळी झाली आणि पोरगी बाळंत झाली. मुलगी. तुझ्यासारखे लांब कान आणि आजीसारखा खणखणीत आवाज. नाळ पडली, डॉक्टरांनी आंघोळीला हो म्हटलं, तशी पोरीनं मला न विचारता गल्लीतली न्हाऊ घालणारी बाई ठरवून टाकली. "आई, तुला झेपायचं न्हाई. तू नुसतं बघ." तिचं खरं होतं. बाई आली, तिनं पदर खोचला, आणि मी म्हटलं, आज मी घालते, तुम्ही पाणी द्या.

मी पाटावर बसले. पाय लांब केले. पोरीनं बाळ हातात दिलं आणि तशीच वाकून उभी राहिली, दोन्ही हात पुढे धरून, कधीही उचलून घेता यावं म्हणून. मी बाळाला पालथं घातलं. एवढासा जीव, पण नडग्यांवर त्याचा भार पडला आणि कळ थेट कमरेपर्यंत गेली. माझा श्वास अडकला असेल, कारण पोरगी लगेच म्हणाली, "दुखतंय ना?" मी म्हटलं, "न्हाई गं, पाणी कोमट हाय का ते बघ." बाईनं तांब्या पुढे केला. पहिलं पाणी पडलं तसं बाळ किंचाळलं, दुसऱ्याला थांबलं, आणि मग तोंड उघडं टाकून, ओठ माझ्या नडगीला टेकवून, गप पडून राहिलं. तेव्हापासून रोज मीच घालते. बाई रोज येते, पाणी देते, चहा पिऊन जाते.

जावई विचारतात, दुखतं का, मी न्हाई म्हणते. मावशी फोनवर विचारते, तिलाही न्हाई म्हणते. परवा नांदेडच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, आंघोळ जमतेय का, मी म्हटलं अगदी छान, पाय मुळीच दुखत नाहीत, आणि यंत्रावरची ती पोरगी मागून टाळ्या वाजवताना ऐकू आली. हा कागद मी कुठं पडू देणार नाही, पोरीच्या हाती लागायच्या आत फाडीन. पण दुखतं, माय. रोज दुखतं. तुला एकटीला सांगते, कारण हे ऐकून तू माझ्या पायांवरून बाळ उचलून घेणार नाहीस.