अंगठ्यातलं कुसळ

तलासरी, मंगळवार, संध्याकाळ

अंगठ्यात बांबूचं कुसळ गेलं आहे. तिकडे वाढवणला बंदराविरुद्ध मोर्चे निघतात. माझ्या अंगठ्यासाठी कुणी साधी घोषणाही देत नाही.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मामा खाटेवरूनच धनुष्य बनवतो. म्हणजे मी तासतो आणि तो शिव्या देतो. आज ओढून पाहिलं, दोन्ही बाजू सारख्या वाकत होत्या. मामा म्हणाला, "डावी ताठ हाय. अजून तास."

"सारखी आहे, मामा."

"डोळे फुटले का तुझे?"

झटक्यानं त्याची ताठ-लवचीक जोखणारी नजरही नेली, हे त्याला सांगायचं कसं? अख्ख्या पाड्याची धनुष्यं त्याच नजरेवर जुळली होती. मी नुसतीच सुरी फिरवली, तर ओरडला, "कीस कुठं पडतोय? मला फसवतो?"

मग खरंच तासलं. पुन्हा ओढलं आणि डावी बाजू कडकन मोडली.

मामानं चांगल्या हातानं मोडका तुकडा चाचपला. मग घाबरल्यासारखं विचारलं, "भाच्या, माझं चुकलं का रे?"

लहानपणी आजोबांचं धनुष्य मी मोडलं, तेव्हा "मीच मोडलं" म्हणून यानंच मार खाल्ला होता.

"नाही," मी म्हटलं. "अंगठ्यात कुसळ होतं ना, माझाच हात घसरला."