कानपिळीचा भाऊ

देवळी,
मंगळवार, २ नोव्हेंबर १९८२

प्रिय मधू,

आधीची तीन पत्रं तू वाचलीस की नाही, देव जाणे. त्यांत मी हवापाणी कळवलं, तब्येतीला जप म्हटलं, टॉकीजला कोणतं पिक्चर लागलंय ते लिहिलं. या पत्रात तसलं काही नाही. लीना इथे आली आहे. दचकू नकोस. परवा रविवारी सकाळी वर्ध्याच्या गाडीतून उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात रिकामा डबा, आणि टॉकीजवाल्या प्रेमदासभाऊंची खोली कुठे म्हणून साऱ्या बाजारात विचारत आली. तुला तिनं माहेरी जाते म्हणून सांगितलं आहे. ते खोटं नाही, तिच्या हिशेबानं ती माहेरीच आली आहे. दोन रात्री पुढच्या घरात घरमालकीण तानाबाईजवळ झोपली. आज दोनच्या गाडीनं परत निघेल, आणि भाऊबीजेच्या आत तिला माझ्याकडून एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. उत्तर माझ्याजवळ आहे, पण तोंडातून निघत नाही. म्हणून तुला लिहायला बसलो.

कानपिळी आठवते का? तुला आठवत नसली तर तुझ्या उजव्या कानाला विचार. होमाजवळ गुरुजी भाऊ बोलवा, भाऊ बोलवा म्हणून ओरडत होते आणि लीनाला भाऊच नाही. चुलतभाऊ यायचा होता, तो गाडी चुकून चंद्रपूरलाच राहिलेला. तिचे बाबा, प्रभाकरराव, घामाघूम. मी आपला मांडवाच्या खांबाशी उभा, हे कधी एकदाचं संपतं म्हणून. त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, तुम्ही नवरदेवाच्या नात्यातले तर नाही ना, मग झालं तर. मी कुठला कुणाच्या नात्यातला! तिच्या ओंजळीत लाह्या टाकल्या आणि तुझा कान धरला. रीत काय, हलकेच पिळायचा, की माझ्या बहिणीला नीट वागव. मी असा पिळला की तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सारा मांडव हसला. बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. चारचौघांत तुला हात लावायला मिळाला तो एवढाच, आणि तोही मी रागात घालवला. वर तू रीतीप्रमाणे मला पॅन्टपीस दिलास, राखाडी रंगाचा. तो अजून पेटीत आहे. शिंप्याकडे टाकायला हातच होत नाही.

गंमत ही की ती पोरगी मला खरोखर भाऊ मानून बसली. दोन राख्या आल्या पोस्टानं. पत्रात लिहिते, भाऊ, तुम्ही त्यांचा कान पिळला आहे, तेव्हा माझं काही झालं तर तुम्हालाच यावं लागेल. मी वाचतो आणि पत्र उशीखाली सरकवतो. मेहुणा झालास तू माझा, मधू. सात वर्षं माझा होतास, तो एका मुठीच्या लाह्यांत मेहुणा झालास.

त्या सात वर्षांबद्दल आपण कधी एक शब्द बोललो नाही. बोलायची गरजच काय होती? तानाबाईच्या मागच्या खोलीत दोन खाटा. एकीवर उन्हाळ्यात मुगवड्या वाळायच्या आणि बाकी वर्षभर तुझ्या पंचायत समितीच्या फाइली. तानाबाई म्हणायची, काय रे पोट्टेहो, नवरा-बायको बी एवढे भांडत नाई जेवढे तुम्ही मिठावरून भांडता. आपण दोघं मान खाली घालून भाजी चिरायचो आणि ती गेली की पोट धरून हसायचो. शुक्रवारी सकाळी नव्या पिक्चरची पेटी आली की रीळ तपासायला मी मशीनच्या खोलीत, आणि तू ऑफिसला दांडी मारून माझ्या मागे. बसायला एकच स्टूल. खाली सारं थेटर रिकामं आणि पडद्यावरचं गाणं फक्त आपल्या दोघांसाठी. हिरो-हिरोईन बागेत पळू लागले की तू पेपर उघडायचास. दोन दोस्तांचं गाणं आलं, एक बैलगाडी हाकतोय, दुसरा मागे कडब्यावर पडून गातोय, की पेपर खाली. म्हणायचास, प्रेमा, या सिनेमावाल्यांना सगळं ठाऊक असतं रे, फक्त शेवटी घाबरतात. शेवटच्या रिळात एक तरी मरतो, नाहीतर पोरगी दुसऱ्याच्या हवाली करून आगगाडीत बसतो. म्हणून शेवटचं रीळ तू कधी पाहिलंच नाहीस. त्याआधीच उठायचास आणि खोलीवर जाऊन स्टोव्हवर भात टाकायचास. तुला येत होता तो तेवढा भात. बाकी सारं मी. अंबाडीची भाजी, भरली वांगी, आणि गोळाभात. गोळाभात असला की तू फोडणीचं तेल वाटीभर ओतून घ्यायचास, मी ओरडायचो, आणि तू ओरडणं ऐकत खात राहायचास.

मग तुझ्या आईनं भात सोडला. सून येईपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही म्हणाल्या. सरोजिनीकाकूंना मी दोष देत नाही, त्यांना काय माहीत? तू मला स्टोव्हला पिन मारता मारता सांगितलंस, तोंड फिरवून. आईसाठी करतो आहे, बदली कारंजाला मागून घेतली आहे, पण दर शनिवारी साडेपाचच्या गाडीनं निघेन, शेवटच्या शोला पोचेन. मी म्हटलं बरं. काय म्हणणार होतो? कारंजाहून तुझं एक कार्ड आलं. सुखरूप पोचलो. बस, एवढंच! सात वर्षांचं माणूस जातं आणि लिहितं, सुखरूप पोचलो.

मशीनच्या खोलीची ती हातभर खिडकी आहे ना, तिथून बसस्टँड दिसतो. दीड वर्ष मी दर शनिवारी शेवटच्या गाडीतून उतरणारी माणसं मोजतो आहे. एकदा मोजता मोजता मशीनच्या दिव्यातला कार्बन विझला, पडदा काळा झाला, पब्लिकनं खुर्च्या आपटल्या आणि मालक रूपरावजी वर येऊन म्हणाले, प्रेमदास, पुन्हा असं झालं तर दुसरा ऑपरेटर पाहतो. मी मान हलवली. स्वयंपाक सोडला होता मी. कांदा-चटणी आणि तानाबाईनं दिलेली भाकर. काही दिवस तर असे गेले की पाणी भरायला टॉकीजमागच्या विहिरीवर एकटा जायची भीती वाटायची. विहिरीची नाही, माझी मला. हे कुणाला सांगू? बायको गेली तर लोक बसायला येतात, चहा करून देतात. माझ्याकडे कोण येणार होतं? रूम पार्टनरची बदली झाली, एवढंच तर झालं होतं गावासाठी.

आणि परवा लीना येऊन काय सांगते, ऐक. ती म्हणाली, भाऊ, हे दर शनिवारी ऑफिसातून परस्पर स्टँडवर जातात. हातात पिशवी, पिशवीत कपड्यांचा एक जोड. वर्ध्याची साडेपाचची गाडी लागते, कंडक्टर घंटी मारतो, गाडी निघून जाते, हे बाकावर बसलेले. अंधार पडला की घरी येतात आणि भूक नाही म्हणून झोपतात. तिला हे शेजारच्या शोभाबाईंनी सांगितलं, मग तिनं स्वतः चार शनिवार पानठेल्याआड उभं राहून पाहिलं. तू रोडावला आहेस म्हणे. ताट वाढलं की दोन घास खाऊन हात धुतोस. तिच्यावर कधी ओरडत नाहीस, कधी तिच्याजवळही बसत नाहीस. तिनं डोळे पुसले आणि मला सरळ विचारलं, भाऊ, तुम्ही सात वर्षं यांच्यासोबत राहिलात. देवळीत यांची कोणती बाई आहे, ते मला सांगा.

मी म्हटलं, बाई नाही, लीना. माझ्या मायची शप्पथ. शप्पथ खरीच होती. तिनं विश्वास ठेवला आणि मग जास्तच रडली, कारण आता रागवायलाही कुणी उरलं नाही. जरा वेळानं म्हणाली, भाऊ, मी एवढी लहान नाही. कुणी असेल तर यांनी तिकडे जावं. मी हिंगणघाटला बाबांकडे जाईन, माझं डी.एड. अर्धं राहिलं आहे ते पुरं करीन, कुठेतरी मास्तरीण होईन. लोक बोलतील, बोलू द्या. पण ताट समोर घेऊन उपाशी बसणारं माणूस मला रोज पाहावत नाही. एवढं शोधून काढा आणि भाऊबीजेच्या आत मला सांगा. बावीस-तेवीस वर्षांची पोर, मधू! आपण दोघं चाळिशीला टेकलो, आपल्याला एवढी हिंमत झाली का?

माझं लिहिणं शुद्ध असावं म्हणून तू किती मागे लागायचास. आता शुद्ध येत नाही, माफ कर. काऊन रे असं केलं तू? पंच्याहत्तर शनिवार मी इकडे खिडकीत डोळे लावून बसलो, अन् तू तिकडे बाकावर बसून राह्यला? मले वाटलं तू भुलला. मले वाटलं सुखात असशील, पोरंबाळं होतील, आपण कशाले मधात यावं. अन् तू गाडीचा पत्रा पाहत बसला होता! येतो म्हणून आला असता तर आपलं झालं असतं, नाई म्हणून घरात बसला असता तर त्या पोरीचा संसार झाला असता. दोन्ही नाई. मधू, मले इतका राग आला तुहा, अन् रागात इतका जीव सुखावला, की मी मशीनच्या खोलीत जाऊन कडी लावली अन् हमसून हमसून रडलो.

काल सोमवारी मी तिला गोळाभात शिकवला. तीच म्हणाली, हे तुमच्या गोळाभाताचं नाव घेतात, मी केला तर ताटात ठेवून उठतात. मी पाहिलं तर ती दुकानचं बारीक बेसन घेत होती. त्याच्या गारगोट्याच होणार. मग जात्यावर हरभऱ्याची डाळ भरडून घेतली, तिखट, हळद, ओवा, तेलाचं मोहन, सारं तिच्या हातानं करवलं. भातातलं पाणी आटत आलं की गोळे वर ठेवायचे, आधी नाही, मग झाकण काढायचं नाही. खरं सांगतो, एका क्षणाला पाप आलं मनात. काहीतरी एक गाळावं, ओवा म्हण, नाहीतर फोडणीतला हिंग म्हण. म्हणजे पहिल्या घासाला तुला कळेल की हा माझा नाही, आणि तू उठून येशील. ओव्याचा डबा हातात धरून उभा राहिलो मी. ती भोळी माझ्या तोंडाकडे पाहत होती, वही-पेन्सिल घेऊन. सगळं सांगितलं, मधू. काही म्हणजे काही ठेवलं नाही स्वतःजवळ. तू फोडणीचं तेल किती घेतोस तेही लिहून दिलं.

आता एक वाजून गेला आहे. ती माझ्याच स्टोव्हवर आज एकटीनं गोळाभात करते आहे, तुझ्यासाठी, त्या रिकाम्या डब्यात न्यायला. मी पाय दुमडून खाटेवर लिहितो आहे आणि ती मधून मधून म्हणते, भाऊ, चांगलं खडसावून लिहा. तिला वाटतं भाऊ मेहुण्याची कानउघाडणी करतो आहे. हे पत्र तीच आणणार आहे. डिंक संपला आहे, तेव्हा पाकीट भाताच्या चार शितांनी चिकटवीन. उघडायचं म्हटलं तर वाटेत सहज उघडेल, पण ती उघडणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तू हे वाचशील तेव्हा ती समोर बसलेली असेल. आधी जेव. पोटभर जेव, तिच्या देखत. मग तिला सांग, कोण ते. माझं नाव घेऊन सांग. मला सांगता आलं नाही, कारण तुझं गुपित तुला न विचारता मी कसं सांगू? तिनं वाट मोकळी करून दिली आहे, फक्त कुणाकडे जायची वाट ते तिला माहीत नाही. सांगितलंस तर शनिवारी त्या गाडीत बस. मी खिडकीत आहे. उभ्या जन्मात दुसरं काही मागितलं नाही तुझ्याजवळ, ये रे. पण तिला फसवून, लपून आलास, तर दार उघडणार नाही, आत जीव गेला तरी नाही. आणि सांगायची छाती होत नसेल, तर तो बाक सोड, तिच्या हातचं खा, तिच्याजवळ बस, आणि मला दोन ओळी टाक, की खिडकी लावून घे. लावीन. मरेन की जगेन ते मी पाहून घेईन. भाऊबीजेला ती ओवाळायला येणार आहे आणि तिच्यासमोर पाटावर बसायला मला तोंड पाहिजे. त्या दिवशी कान फार जोरात पिळला होता, दुखला असेल. तेव्हा मी तिचा भाऊ म्हणून नव्हता पिळला. आज तेवढ्यासाठीच पिळतो आहे.

तू येशील तरी आणि न येशील तरी तुझाच,
प्रेमदास